डॉक्टर खानसाहेब

दरवर्षीं जून महिन्यांत आम्ही दहावीच्या वर्गास 'मी कोण होणार' या विषयावर निबंध लिहावयास सांगतों. चाळीस वह्यांपैकीं निदान पंधरा वह्यांत तरी लेखकास डॉक्टर व्हावयाचें असतें, आणि मुलींच्या वह्यांत हें प्रमाण थोडें अधिकच. डॉक्टर झाल्यावर गरिबांना फुकट औषध देण्याचा संकल्प शेवटच्या परिच्छेदांत न चुकतां येतो; बंगला आणि मोटार त्याच्या आधींच्या परिच्छेदांत आलेलीं असतात. यांत आम्ही मुलांना दोष देत नाहीं. घरीं जें बोललें जातें तेंच वहींत उतरतें. परंतु डॉक्टर झाल्यावर पुढें काय, हा प्रश्न एकाहि वहींत आम्हांस अद्याप आढळला नाहीं. अंगावरचा लष्करी गणवेष आणि सरकारी पगार सोडून एखाद्या डॉक्टरनें एका सबंध प्रांताची नाडी हातीं घ्यावी, आणि तें करतांना कधीं यश, कधीं तुरुंग, तर कधीं आपल्याच माणसांचा रोष पदरीं घ्यावा, असें आयुष्य मुलांच्या डोळ्यांसमोर सहसा येत नाहीं. म्हणून यंदाच्या अंकासाठीं आम्हीं असें एक चरित्र निवडलें आहे. चरित्रनायक महाराष्ट्रांतले नव्हत. परंतु त्यांचें शालेय शिक्षण आपल्यासारख्याच एका मिशन हायस्कुलांत झालें, वैद्यकीचे पहिले धडे त्यांनीं मुंबईंत गिरविले, आणि हद्दपारींत त्यांना आसरा मिळाला तो वर्ध्यास. तेव्हां त्यांना अगदींच परके म्हणतां येणार नाहीं.

खानसाहेब हें नांव वाचून कित्येक पालकांना जुन्या सरकारी पदव्या आठवतील. इंग्रजी अमदानींत रावसाहेब आणि रावबहादूर, त्याचप्रमाणें खानसाहेब आणि खानबहादूर अशा पदव्या सरकारच्या मर्जींतल्या मंडळींस मिळत असत. आमच्या चरित्रनायकांचा त्या पदवीशीं कांहींएक संबंध नव्हता. त्यांचें खरें नांव अब्दुल जब्बार खान. लोक त्यांना खानसाहेब म्हणूं लागले, तें नांव चिकटलें, आणि पुढें त्यामागें डॉक्टर हा शब्द लागला. ज्यांना इंग्रज सरकारनें वर्षानुवर्षें कोंडून ठेविलें, त्यांच्या नांवालाच सरकारी पदवीचा थाट असावा, हा योगायोग मोठा गंमतीचा आहे.

त्यांचा जन्म १८८३ च्या सुमारास पेशावर जिल्ह्यांत, चारसद्द्याजवळच्या उत्मानझई या गांवीं झाला. वडील बहराम खान हे महंमदझई जमातीचे मोठे जमीनदार होते. धाकटे बंधु अब्दुल गफार खान, ज्यांना आपण सर्वजण सरहद्द गांधी म्हणून ओळखतों, ते खानसाहेबांहून सुमारें सात-आठ वर्षांनीं लहान. हा मुलूख त्या वेळीं पंजाबांतच मोडत होता. १९०१ सालीं तो वेगळा काढून त्याचा वायव्य सरहद्द प्रांत करण्यांत आला. आपल्याकडे पठाण म्हटला कीं व्याजानें पैसे देणारा, किंवा गिरणीच्या फाटकाशीं दंडुका घेऊन उभा असलेला उंच पुरुष डोळ्यांपुढें येतो. ज्या मुलखांतून हीं माणसें येत, तेथें ओढ्यांच्या कांठीं गव्हाची आणि उंसाची शेती होती, घरीं आलेल्या पाहुण्याला जिवापलीकडे जपण्याची रीत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं वैरेंहि होतीं. एका घराण्यानें दुसऱ्या घराण्यांतील माणूस मारावा, दुसऱ्यानें त्याचा सूड घ्यावा, आणि सरकारनें दोघांनाहि दंड करावा, असा तो क्रम. अशा मुलखांत डॉक्टर होणें म्हणजे दोन्ही पक्षांच्या जखमा बांधण्याचें काम पत्करणें होय.

पेशावर येथें चर्च मिशनरी सोसायटीनें १८५५ सालीं एक शाळा काढली होती. एडवर्ड्‌स मिशन हायस्कूल हें तिचें नांव. गांवचे मुल्ला या शाळेच्या विरुद्ध होते; तेथें जाणाऱ्या मुलाचा परलोक बुडाला असें ते सांगत. बहराम खान यांना स्वतःला लिहितांवाचतां येत नव्हतें असें सांगतात. पण मुल्लांचें बोलणें ऐकून घेऊन त्यांनीं आपले दोन्ही मुलगे त्याच शाळेंत घातले. या एका गोष्टीबद्दल आम्हांस त्या अडाणी जमीनदाराविषयीं फार आदर वाटतो. शाळेचे मुख्य रेव्हरंड विग्रम हे होते. त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या या दोन मुलांपैकीं एकानेंहि आपला धर्म सोडला नाहीं. दोघेहि शेवटपर्यंत श्रद्धावान मुसलमान राहिले. परंतु परक्या देशांतून आलेला एक मनुष्य आपल्या मुलांसाठीं झिजतो, आणि आपण आपल्याच लोकांसाठीं कांहीं करीत नाहीं, हा विचार विग्रमसाहेबांकडे पाहून आपल्या मनांत प्रथम आला, असें गफार खान म्हातारपणापर्यंत सांगत असत. मिशनच्या शाळेनें काय साधलें, असें आम्हांस कधीं कधीं विचारण्यांत येतें, तेव्हां आम्ही या दोघां भावांकडे बोट दाखवितों.

मॅट्रिक झाल्यावर खानसाहेब मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत दाखल झाले. भायखळ्यास जमशेटजी जीजीभाई इस्पितळाच्या आवारांतील हें कॉलेज १८४५ पासूनचें. आमच्या शाळेच्या कित्येक माजी विद्यार्थ्यांनीं तेथून पदवी घेतली आहे. पुश्तू ही मातृभाषा असलेल्या एका तरुणानें हजार मैलांवरच्या या शहरांत येऊन राहावें आणि इंग्रजी ग्रंथांवरून शरीरशास्त्र शिकावें, ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती. तेथून ते लंडनला गेले आणि सेंट टॉमस इस्पितळांत त्यांनीं आपलें शिक्षण पुरें केलें. लंडनमध्यें त्या सुमारास जवाहरलाल नेहरू बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते. दोघांची तेथें जी मैत्री जमली ती पुढें फार उपयोगी पडली. विलायतेंतच त्यांनीं एका तद्देशीय बाईशीं विवाह केला. इकडे उत्मानझईस त्यांची आई दुःखी झाली. धाकट्या मुलानेंहि विलायतेस जाऊन शिकावें असा बेत ठरत आला होता, पण एक मुलगा दर्यापार गेला तो गेलाच, दुसरा मी जाऊं देणार नाहीं, असा हट्ट तिनें धरला, आणि गफार खान आईच्या शब्दाखातर घरींच राहिले. त्या माउलीच्या हट्टामुळें एक भाऊ डॉक्टर झाला आणि दुसरा फकीर.

१९१४ चें महायुद्ध सुरू झालें, आणि डॉक्टर खानसाहेबांनीं फ्रान्समधील रणभूमीवर काम केलें. पुढें ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें शिरून स्वदेशीं परतले, आणि मर्दान येथें गाइड्‌स पलटणीचे डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. ही पलटण म्हणजे सरहद्दीवरील पठाण तरुणांचें स्वप्न. गफार खानांना तरुणपणीं याच पलटणींत जागा मिळत होती. परंतु एका गोऱ्या अधिकाऱ्यानें आपल्या पठाण मित्राचा केलेला अपमान डोळ्यांनीं पाहून त्यांनीं ती नाकारली. म्हणजे धाकट्यानें ज्या उंबरठ्यावरून पाय मागें घेतला, त्याच घरांत थोरला मानानें राहात होता. नोकरी उत्तम होती, पगार चांगला होता, आणि डॉक्टरचा हुद्दा असल्यामुळें कोणावर गोळी झाडण्याचा प्रसंग यावयाचा नव्हता.

अशा स्थितींत १९२१ सालीं त्यांना वझिरिस्तानांत जाण्याचा हुकूम आला. तेथें सरकारी फौजा डोंगरांतील पठाण टोळ्यांवर चालून गेल्या होत्या. खानसाहेबांनीं जाण्याचें नाकारलें आणि राजीनामा दिला.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. वर्गांत ही हकीकत सांगितली असतां एका हुशार विद्यार्थ्यानें शंका काढली, कीं डॉक्टरचें काम जखमा बांधणें हें आहे. लढाई न्यायाची असो कीं अन्यायाची, जखमी शिपायाला डॉक्टर हवाच. मग हे गेले असते तर काय बिघडलें असतें? शंका वाजवी आहे. आमची समजूत अशी, कीं जखमी मनुष्यावर उपचार करण्यास खानसाहेबांनीं कधींहि नकार दिला नसता, मग तो गोरा असो वा काळा. परंतु आपल्याच भाऊबंदांवर चालून जाणाऱ्या फौजेच्या अंगावरचा गणवेष आपल्याहि अंगावर असावा, हें त्यांना सहन झालें नाहीं. फौजेचा डॉक्टर हा फौजेचाच एक अवयव असतो. त्याच्या भरंवशावर शिपाई पुढें पाऊल टाकतो. डॉक्टरला राजकारण नसतें असें म्हणणाऱ्यांनीं या राजीनाम्याचा विचार करावा. त्याच वर्षीं गफार खानांनीं उत्मानझईंत आपली राष्ट्रीय शाळा काढली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं ते तुरुंगांत गेले.

यानंतर खानसाहेबांनीं पेशावर येथें स्वतंत्र वैद्यकी केली. तीं वर्षें शांततेचीं होतीं. त्यांविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. १९२९ च्या अखेरीस धाकट्या भावानें खुदाई खिदमतगार, म्हणजे ईश्वराचे सेवक, ही संघटना उभी केली. विटकरी रंगाचे सदरे घालणाऱ्या या स्वयंसेवकांना आपल्याकडील वर्तमानपत्रें लाल डगलेवाले म्हणत. शस्त्राशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या पठाणांनीं शस्त्र न उचलण्याची आणि सूड न घेण्याची शपथ घ्यावी, हें जगांतील एक नवल होतें. २३ एप्रिल १९३० रोजीं पेशावरच्या किस्साखानी बाजारांत निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला आणि पुष्कळ माणसें मेलीं. गढवाली पलटणीच्या शिपायांनीं गोळ्या झाडण्याचें नाकारलें तें याच प्रसंगीं. डॉक्टर खानसाहेब आतां चळवळींत पूर्णपणें शिरले. १९३१ च्या डिसेंबरांत दोघेहि बंधु पकडले गेले, आणि १९३४ च्या ऑगस्टमध्यें सुटले तेव्हां पंजाब आणि सरहद्द प्रांत यांत पाऊल टाकण्याची त्यांना मनाई करण्यांत आली.

स्वतःच्या घरीं जाण्याची बंदी असलेले हे दोघे पठाण मग वर्ध्यास आले. जमनालाल बजाज यांनीं त्यांना आश्रय दिला. गांधीजींचा सहवास रोजचाच झाला. विदर्भाच्या त्या रखरखीत गांवीं ताडमाड उंचीचे हे दोन बंधु प्रार्थनेस बसलेले पाहून लोकांना काय वाटलें असेल, याची कल्पना आमच्या वाचकांनींच करावी. महादेवभाई देसाई यांनीं येथेंच त्यांच्याशीं बोलून त्यांच्या आयुष्याची हकीकत लिहून काढली. तें छोटें पुस्तक १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. आणखी एक गोष्ट आम्हां मराठी ख्रिस्ती मंडळींनीं आठवणींत ठेवण्यासारखी आहे. १९३४ च्या ऑक्टोबरांत काँग्रेसचें अधिवेशन मुंबईस भरलें असतां, अमेरिकन मराठी मिशननें चालविलेल्या नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमध्यें हिंदी ख्रिस्ती मंडळींच्या सभेपुढें गफार खानांचें भाषण झालें. सरहद्दीवर काय घडलें तें त्यांनीं साध्या शब्दांत सांगितलें. या भाषणाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, डिसेंबरांत वर्ध्यास त्यांना पकडण्यांत आलें, आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. थोरले बंधु त्याच सुमारास, सरहद्दींत पाऊल टाकण्याची बंदी असतांहि, तेथूनच मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले.

१९३७ सालीं प्रांतांना थोडीबहुत स्वायत्तता मिळून निवडणुका झाल्या. सरहद्द प्रांतांत ५० जागांपैकीं काँग्रेसला १९ मिळाल्या. पहिलें मंत्रिमंडळ सर अब्दुल कय्यूम यांनीं बनविलें, पण तें सहा महिनेहि टिकलें नाहीं. सप्टेंबरांत अविश्वासाचा ठराव होऊन तें पडलें, आणि डॉक्टर खानसाहेब मुख्य प्रधान झाले. तीन वर्षांपूर्वीं ज्याला प्रांतांत पाऊल टाकण्याची बंदी होती, तो मनुष्य आतां प्रांताचा कारभार पाहूं लागला.

त्यांचा कारभार कसा होता? मोठमोठ्या इमारती त्यांनीं बांधल्या नाहींत. तेवढा पैसाच प्रांतापाशीं नव्हता. राजकीय कैदी त्यांनीं सोडले. दडपशाहीचे जुने कायदे काढून टाकले. ऑनररी मॅजिस्ट्रेट म्हणून मिरविणाऱ्या खानमंडळींचे अधिकार त्यांनीं काढून घेतले. गांवकऱ्यांना रात्रीचा पहारा फुकट करावा लागे, त्याला नौबत चौकीदारी म्हणत. ती वेठ त्यांनीं बंद केली. सावकारी कर्जाखालीं दबलेल्या शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. रोग्याला कोठें दुखतें तें आधीं शोधावें, आणि जेथें दुखतें तेथेंच हात लावावा, ही डॉक्टरची रीत त्या कामांत दिसून येते. मोठ्या जमीनदारांना अर्थातच हें रुचलें नाहीं. स्वतः जमीनदाराचे पुत्र असून आपल्याच वर्गाच्या मानमरातबाला त्यांनीं कात्री लावली.

पण सत्तेवर बसलेल्या मनुष्याची परीक्षा शत्रूपेक्षां मित्रांकडूनच अधिक होते. १९३८ सालीं मर्दानकडील गल्लाढेर या गांवीं तोरूच्या नबाबाविरुद्ध कुळांनीं चळवळ केली. चळवळ करणाऱ्यांत काँग्रेसचेच कार्यकर्ते पुढें होते, आणि त्यांच्याबरोबर मुख्य प्रधानांचे चिरंजीव उबेदुल्ला खानहि होते. बापानें कायद्याचा मार्ग सोडला नाहीं. माणसें पकडलीं गेलीं आणि त्यांत मुलगाहि तुरुंगांत गेला. कुळांचें गाऱ्हाणें खरें होतें, असें आमचें मत आहे, आणि खानसाहेबांच्या सरकारनें त्या प्रसंगीं अधिक मोकळ्या मनानें त्यांचें ऐकावयास हवें होतें. परंतु कायदा इतरांच्या मुलांना लागू करून आपल्या मुलाला वगळणारे अधिकारी आपण सर्वांनीं पाहिले आहेत. हे त्यांतले नव्हते, एवढें खरें.

दुसरें महायुद्ध लोकांना न विचारतां हिंदुस्थानच्या माथीं मारल्याबद्दल १९३९ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं इतर काँग्रेस मंत्र्यांप्रमाणें राजीनामा दिला. नोकरी सोडल्यास अठरा वर्षें झालीं होतीं. आतां अधिकारपद सोडलें. १९४५ च्या मार्चमध्यें मुस्लिम लीगचें मंत्रिमंडळ कोसळलें आणि ते पुन्हां मुख्य प्रधान झाले. अधिकार हातीं येतांच त्यांनीं राजबंद्यांची सुटका केली, आणि त्यांत गफार खानहि सुटले. थोरल्या भावाच्या सरकारनें धाकट्या भावाच्या तुरुंगाचें दार उघडलें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

१९४६ च्या निवडणुकींत ५० पैकीं ३० जागा काँग्रेसनें जिंकल्या. शेंकडा नव्वदांहून अधिक मुसलमान वस्ती असलेल्या प्रांतानें लीगला १७ जागा देऊन काँग्रेसला राज्य दिलें, ही साऱ्या देशांत बोलबाला झालेली गोष्ट होती. परंतु तोंच वारें फिरूं लागलें. बंगाल आणि बिहार येथील दंग्यांच्या बातम्या सरहद्दीवर पोहोंचल्या. ऑक्टोबरांत जुने मित्र जवाहरलाल टोळ्यांच्या मुलखांत दौऱ्यावर आले, त्यांच्या मोटारीवर मलाकंदच्या बाजूस दगडांचा वर्षाव झाला, आणि दोघे खानबंधु जखमी झाले. १९४७ च्या आरंभापासून लीगनें खानसाहेबांच्या सरकाराविरुद्ध कायदेभंग पुकारला. ज्यांनीं इंग्रजांविरुद्ध कायदेभंग केला त्यांच्यावरच आतां कायदेभंग करणाऱ्यांना तुरुंगांत घालण्याची पाळी आली.

फाळणीचा निर्णय दिल्लीस झाला. सरहद्दीच्या लोकांना केवळ हिंदुस्थान कीं पाकिस्तान एवढेंच विचारावयाचें ठरलें. तिसरा पर्याय नाहीं, म्हणून खुदाई खिदमतगारांनीं मतदानावर बहिष्कार घातला. जुलै महिन्यांत मतें पडलीं तीं पाकिस्तानच्या बाजूनें २,८९,२४४ आणि हिंदुस्थानच्या बाजूनें २,८७४; एकंदर मतदार ५,७२,७९८ होते. म्हणजे निम्म्याहून किंचित् अधिक लोकांनींच मत दिलें. ज्या काँग्रेससाठीं या बंधूंनीं सर्वस्व पणाला लाविलें, तिनें फाळणीस संमति देतांना त्यांचा विचार पुरेसा केला नाहीं, असें आम्हांस वाटतें, आणि आम्हीच एकटे असें म्हणणारे नाहीं. कायदेमंडळांत बहुमत असतांहि २२ ऑगस्ट १९४७ रोजीं, पाकिस्तान अस्तित्वांत येऊन आठवडाच लोटला असतां, बॅरिस्टर जिना यांच्या आज्ञेनें खानसाहेबांचें मंत्रिमंडळ बरखास्त करण्यांत आलें. पुढें नव्या राज्यानेंहि दोघां भावांना बंदींत ठेविलें.

येथवरची हकीकत सांगणें सोपें आहे. पुढची सांगणें कठीण.

१९५४ सालीं खानसाहेबांनीं पाकिस्तानच्या मध्यवर्ती मंत्रिमंडळांत दळणवळण खात्याचें मंत्रिपद स्वीकारलें. १४ ऑक्टोबर १९५५ रोजीं पंजाब, सिंध, सरहद्द आणि बलुचिस्तान हे सारे प्रांत मोडून त्यांचा पश्चिम पाकिस्तान असा एकच प्रांत करण्यांत आला, आणि त्याचे पहिले मुख्य मंत्री डॉक्टर खानसाहेब झाले. पूर्व बंगालची लोकसंख्या अधिक होती. तिच्या तोलास तोल देण्यासाठीं पश्चिमेकडील सर्व प्रांतांचा एक गठ्ठा बांधणें, हा त्या योजनेमागील हेतु होता. पठाणांचा स्वतंत्र प्रांत, ज्याच्या कारभारासाठीं खानसाहेबांनीं आयुष्याचीं उत्तम वर्षें वेंचलीं, तो नकाशावरून पुसला गेला. गफार खानांनीं या योजनेस कडाडून विरोध केला, आणि १९५६ च्या जूनमध्यें त्यांना अटक झाली. प्रांताचे मुख्य मंत्री त्या वेळीं त्यांचे थोरले बंधु होते.

ही हकीकत आम्हीं वर्गांत सांगितली, तेव्हां मागल्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, कीं भावाला सोडविणारे आणि भावाला पकडले जाऊं देणारे हे एकच गृहस्थ काय? त्या दिवशीं तास संपल्याची घंटा झाली म्हणून आम्ही सुटलों. पुढें पुष्कळ विचार केला. पैशाच्या किंवा मानाच्या लोभानें त्यांनीं हें केलें, असें म्हणण्यास त्यांच्या पूर्वायुष्यांत कांहींच आधार सांपडत नाहीं. दोनदां ज्यानें पद सोडलें, त्याला सत्तराव्या वर्षानंतर एकाएकीं पदाची हांव सुटेल हें संभवत नाहीं. त्यांचे जुने परिचित इस्कंदर मिर्झा हे इंग्रजी अमदानींत सरहद्दीवर अधिकारी होते, आणि आतां राज्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं होतीं. त्या स्नेहाचा भाग यांत होता. नवें राज्य आतां झालेंच आहे, तर रुसून बाहेर बसण्यापेक्षां आंत जाऊन जेवढें बरें करतां येईल तेवढें करावें, ही डॉक्टरी वृत्तीहि असेल. रोग्याचे नातेवाईक कसेहि वागले तरी डॉक्टर खाटेपासून उठत नाहीं. तथापि आमचें मत विचाराल तर त्यांचा अंदाज चुकला. १९२१ सालीं त्यांनीं जें ओळखलें होतें, कीं फौजेचा डॉक्टर हाहि फौजेचाच एक अवयव असतो, तें १९५५ सालीं त्यांच्या ध्यानांतून निसटलें. लोकांना न विचारतां बांधलेला तो गठ्ठा अखेर १ जुलै १९७० रोजीं सोडावा लागला. पठाणांचा प्रांत पुन्हां वेगळा झाला, आणि २०१० पासून त्याचें नांव खैबर पख्तुनख्वा असें आहे.

मुस्लिम लीगनें त्यांना कधींच आपलें मानलें नाहीं. लीगमध्यें शिरण्याचें त्यांनीं नाकारलें, तेव्हां त्यांच्या पाठीराख्यांनीं १९५६ सालीं रिपब्लिकन पक्ष काढला. पण तत्त्वापेक्षां खुर्च्यांवर नजर ठेवणारीं माणसेंच त्यांत फार जमलीं. १९५७ च्या मार्चमध्यें त्यांचें सरकार गेलें.

९ मे १९५८ या दिवशीं सकाळीं खानसाहेब लाहोरास आपल्या मुलाच्या बंगल्याच्या बागेंत बसले होते. एका सभेसाठीं त्यांना न्यावयास येणाऱ्या गृहस्थाची ते वाट पाहात होते. दोन वर्षांपूर्वीं नोकरींतून बडतर्फ झालेला मियांवालीकडील एक पटवारी, म्हणजे आपल्याकडे ज्याला तलाठी म्हणतात तसा एक सामान्य कारकून, तेथें आला. प्रांताच्या माजी मुख्य मंत्र्याजवळ जाण्यास त्याला अडचण पडली नाहीं. जवळ येतांच त्यानें सुरा काढला आणि त्या पंचाहत्तरीच्या वृद्धावर वार केले. त्यांतच त्यांचा अंत झाला.

त्यांना उत्मानझईस पुरण्यांत आलें. गफार खान त्यानंतर तीस वर्षें जगले, आणि त्यांतलीं कित्येक वर्षें पुन्हां तुरुंगांत आणि परदेशांत गेलीं. २० जानेवारी १९८८ रोजीं पेशावरांत त्यांचें निधन झालें. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांना सरहद्दीपलीकडे, अफगाणिस्तानांतील जलालाबादेस नेऊन पुरलें. थोरला मात्र उत्मानझईंत वडिलांच्या गांवीं आहे.